नमुना सोबत जोडला आहे

अर्जासोबत नमुना जोडावा, असा नियम आहे. मी जोडला. पुढं जे झालं ते सगळं नियमानं झालं, त्यात कुणाची चूक नाही.

आमचं गाव कबनूरच्या पलीकडं. गावात यंत्रमाग आहेत आणि पाण्याची एक टाकी आहे. टाकीतले जंतू मरावेत म्हणून पाणीवाला गुंडू रोज तिच्यात टीसीएल पावडर टाकतो. तिचा वास नाकाला झोंबतो. त्या वर्षीच्या पावडरीला वासच नव्हता. माझी बायको महादेवी म्हणाली, "यंदा पाणी चांगलं हाय बघा, वास न्हाय." श्रावणात गल्लीत अकरा जणांना कावीळ झाली. दहा बरे झाले. महादेवी झाली नाही.

दिवसकार्य उरकल्यावर मी गुंडूला गाठलं. "गुंड्या, ही पावडर कसली रं?"

"वरनं येती ती टाकतोय, आण्णा. मी काय चव घिऊन बघू?"

शेजारच्या अंबूबाईची सून सुष्मिता तेव्हा पाचव्या महिन्यात होती. गरोदर बाईला कावीळ झाली तर काय होतं, ते डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. म्हणून मूठभर पावडर कागदात बांधली, अर्ज लिहिला आणि कोल्हापूरच्या आरोग्य कार्यालयात गेलो. आवक-जावकच्या टेबलावर कृष्णात नावाचे कारकून डबा खात होते.

"पावणं, पावडर हातात घ्यायची आमची पद्धत न्हाय. टपालानं पाठवा."

टपालानं पाठवली.

ऑक्टोबर २००१ होता. अमेरिकेत टपालाच्या पाकिटातून पांढरी पावडर येऊन माणसं मरत होती. कार्यालयात 'घातक जैविक घटक : ओळख व दक्षता' असं परिपत्रक आलं होतं. एक दिवसाचं प्रशिक्षणही झालं होतं, चहा-बिस्किटांसह. अँथ्रॅक्स म्हणजे आपल्या मेंढरांना होणारी काळपुळीच, हे सर्वांना समजलं होतं. अशा वेळी कृष्णातांनी माझं पाकीट फोडलं आणि पावडर त्यांच्या मांडीवर सांडली. अर्ज कुणी वाचला नाही. संशयित कागद वाचू नये, असं परिपत्रकात होतं.

इमारत रिकामी झाली. खास पोशाख नसल्यामुळं तिघांनी रेनकोट आणि हेल्मेट घालून पाकीट चिमट्यानं उचललं. कृष्णातांची पँट पुरावा म्हणून जप्त झाली, ते टॉवेलवर घरी गेले. अठ्ठावीस कर्मचाऱ्यांना गोळ्या सुरू झाल्या. एक शिपाई त्या दिवशी रजेवर होता, त्यानंही मागून घेतल्या.

अर्जाचं काय झालं ते विचारायला मी गेलो, तर फौजदारांनी धरलं.

"कुठल्या संघटनेचा?"

"मागवाला हाय, साहेब. आमची संघटना मागच्या संपातच मोडली."

"हेतू काय होता?"

"पावडर तपासायचा."

"म्हंजे पावडर तुझीच! लिहून घ्या, कबूल केलं."

पावडर पोलीस बंदोबस्तात पुण्याच्या प्रयोगशाळेत गेली. आमच्या गल्लीतल्या पाण्याची तपासणीसाठी नेलेली बाटली श्रावणापासून कोल्हापूरच्या त्याच कार्यालयाच्या खिडकीत उभी होती. तिच्यात शेवाळ धरलं होतं. ती कुणी हलवली नाही. नळानं येणाऱ्या जंतूंचा परिपत्रकात उल्लेख नव्हता.

तीन दिवसांत अहवाल आला. प्रयोगशाळेतल्या प्रीती मॅडमनी लिहिलं होतं, "नमुन्यात घातक जीवजंतू आढळले नाहीत. नमुना खडूची भुकटी असून निरुपद्रवी आहे. टीसीएलचा अंशही नाही." कार्यालयाच्या साहेबांनी तो 'निरुपद्रवी आहे'पर्यंत मोठ्यानं वाचला. टाळ्या झाल्या. पेढे आले, मलाही एक मिळाला.

"सुटलास, चन्नाप्पा. निरुपद्रवी निघाली!"

"साहेब, हीच तर तक्रार हाय. जंतूंनाबी निरुपद्रवी हाय ती. आमच्या टाकीत हीच पडत्या."

साहेब गंभीर झाले. "म्हणजे गावच्या पाण्यात निरुपद्रवी पदार्थ टाकतात, अशी तुझी तक्रार आहे?"

"व्हय."

"मग लेखी दे."

"दिलतं की! त्या पाकिटात."

"तो कागद जाळला. परिपत्रकात तसंच आहे."

अर्ज निकाली निघाला. 'टाकीतली पावडर पुण्यात तपासली असून निरुपद्रवी आहे' असं पत्र आमच्या गावच्या फळ्यावर लागलं. पावडरीच्या ठेकेदाराला पुढच्या वर्षाचंही काम मिळालं. असं पत्र असलेला तो एकटाच ठेकेदार होता.

मी अंबूबाईला म्हणालो, "सुनेला पाणी उकळून दे."

"चन्नाप्पाण्णा, सरकारनं लिवून दिलंय की. तुमचं दुःख मला कळतंय, पर पाण्यावर कशाला राग?"

मार्गशीर्षात सुष्मिताचे डोळे पिवळे झाले. पाणी कुठलं पीत होता, असं दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं. अंबूबाईनं पिशवीतून फळ्यावरच्या पत्राची झेरॉक्स काढून दिली. डॉक्टरांनी ती वाचली, मागची कोरी बाजूही पाहिली आणि परत दिली.

सुष्मिता वाचली. पोटातलं नाही वाचलं.

हे मी सांगितलं की लोक हळहळतात, मग अमेरिकेतल्या त्या पाकिटांवर येतात. तिकडं पाच माणसं गेली, हे सगळ्यांना पाठ आहे. मी विचारतो, तुमच्या टाकीत पावडर टाकणाऱ्या माणसाचं नाव काय? तेच आता तुम्हालाही विचारतो.