बिनक्लचची गाडी

आमच्या सोसायटीतली एक गाडी सोमवारी दोन फूट पुढे जायची आणि मंगळवारी दोन फूट मागे. बुधवारी परत पुढे. गाडी बंद होती, त्यामुळे ढकलावी लागायची. ढकलायला कोण, तर सकाळी साडेआठला जो कोणी ऑफिसला जायला खाली उतरेल तो. आम्ही प्रभादेवीला राहायला आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी तो मी होतो.

"नवीन ना? बॅग ठेवा त्या कट्ट्यावर. उजव्या बाजूला लागा," एक सडपातळ म्हातारा म्हणाला. मी लागलो. गाडी सरकल्यावर त्याने हात झटकले. "एका जागी उभी राहिली की टायर चपटे होतात. माणसाचंही तेच."

हे बाळकृष्ण राऊळ, म्हणजे राऊळकाका. वय अडुसष्ट. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी टेस्टर. चाळीस वर्षं त्यांनी मुंबईभर लिफ्ट दुरुस्त केल्या, पण स्वतः जिन्यानेच जात. विचारलं तर म्हणत, "मला तिच्या आतलं ठाऊक आहे." हे ऐकल्यापासून आमच्या इमारतीतली तीन कुटुंबं गुपचूप जिना चढायला लागली होती.

काकांना बसणं माहीत नव्हतं. चहाचा पहिला घोट त्यांच्या स्वयंपाकघरात, दुसरा गॅलरीत आणि तिसरा आमच्या दारात, असा तो कप फिरत असे. पेपरची पानं सुटी करून ते एकेक पान घेऊन फेऱ्या मारत. एकदा सोसायटीच्या मीटिंगला आले आणि सगळ्या खुर्च्या भिंतीला लावून टाकल्या. "उभ्याने बोला, मुद्द्याचं बोलाल." पाण्याच्या टाकीचा तीन वर्षांचा वाद अकरा मिनिटांत मिटला. पण परत कोणी त्यांना मीटिंगला बोलावलं नाही.

घरात ते आणि त्यांची मोठी बहीण सुमनताई, दोघंच. दोघांचीही लग्नं झाली नव्हती. ताई प्राथमिक शाळेतल्या निवृत्त बाई. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे डावा पाय काडीसारखा, त्याला पट्ट्यांचा बूट आणि हातात काठी. बोलायच्या कमी. काका त्यांच्यासमोरून पाचव्यांदा गेले की चष्म्यावरून बघून म्हणायच्या, "बाळा, फरशी झिजेल."

आणि ती गाडी. जुनी, परदेशी, गोल तोंडाची, साबुदाण्याच्या खिरीच्या रंगाची कॅम्पर व्हॅन. आत दोन बाकांचा मिळून पलंग व्हायचा, एक बुटकी शेगडी होती, मांजराला आंघोळ घालता येईल एवढं बेसिन होतं. हिच्यात क्लच नव्हता. गिअर आपोआप पडत. म्हणजे पूर्वी पडत. पाच वर्षांपूर्वी तो ऑटोमॅटिक गिअरबॉक्स जळाला आणि गाडी फाटकाजवळ उभी राहिली ती राहिलीच.

या गाडीसाठी काकांनी किती गॅरेजं पालथी घातली, ते मोजणं कठीण. लालबाग, परळ, माहीम. सगळीकडे एकच उत्तर: हा माल आता मिळत नाही, साधा गिअरबॉक्स टाका, खाली क्लच जोडा, आठवड्यात गाडी रस्त्यावर. काका तिथून तडक बाहेर पडत.

मीही एकदा म्हणालो, "काका, काय हरकत आहे? सगळं जग क्लच दाबतं."

"डावा पाय मोकळा पाहिजे."

"कशाला?"

"ठेका धरायला," म्हणाले आणि जिना चढून गेले. दुसऱ्या कोणाला सांगितलं, क्लचने गुडघा जातो. तिसऱ्याला सांगितलं, ज्योतिष्याने मना केलंय. मी मानून चाललो होतो की म्हाताऱ्याला खूळ लागलंय.

गेल्या हिवाळ्यात काकांच्या मालवणच्या एका चुलतभावाने फोन करून सांगितलं की गोव्यात एका घरामागे अशीच एक व्हॅन सडतेय, पण तिचा गिअरबॉक्स शाबूत आहे. काका त्याच दुपारी निघाले. तिसऱ्या दिवशी टेम्पोतून उतरले ते ताईंच्या गोधडीत गुंडाळलेलं एक धूड घेऊन. "अख्खा रस्ता बसून आलो," त्यांनी मला सांगितलं. युद्धावरून आल्यासारखा चेहरा होता. "उभं राहायला छत पुरत नव्हतं."

लालबागच्या एका गल्लीत इक्बालभाईंचं गॅरेज आहे. साठीतला शांत माणूस, जुन्या गाड्यांवर जीव. गाडी टो करून तिकडे नेली. काकांनी पहिल्याच दिवशी त्यांचे पाने मापाप्रमाणे लावून ठेवले, तेव्हा इक्बालभाई मला बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, यांना रविवारीच आणा. रोज आले तर मीच गाव सोडीन."

म्हणून रविवारी आम्ही दोघं गेलो. या गाडीचं इंजिन मागे असतं, ते उतरवून जुना गिअरबॉक्स काढला होता, नवा जागेवर चढवला होता. आता इंजिन परत जोडायचं. या दोन्हींच्या मध्ये तेलाने भरलेला एक जाड गोल डबा असतो, कन्व्हर्टर म्हणतात त्याला. तो आत पूर्ण बसला नसला आणि वरून बोल्ट आवळले, तर गिअरबॉक्समधला तेलाचा पंप फुटतो. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच दिसलं की इंजिन आणि गिअरबॉक्समध्ये बोटभर फट राहिली होती आणि इक्बालभाई पाना लावत होते.

"थांबा," काका म्हणाले.

"काका, आवळलं की फट जाते."

"फट जाईल आणि पंपही जाईल. दुसरा कुठून आणू? इंजिन मागे घ्या."

इक्बालभाईंनी वाकून पाहिलं आणि पाना खाली ठेवला. इंजिन मागे घेतलं. काका गाडीखाली सरकले, पाठीवर आडवे झाले आणि दोन्ही हातांनी तो डबा फिरवायला लागले. केसभर फिरवायचा, जरासा दाबायचा, कान लावायचा. पंधरा मिनिटं झाली. अर्धा तास झाला. त्यांचे फक्त हात हालत होते. या माणसाला मी इतका वेळ एका जागी कधी पाहिलं नव्हतं. मीच फेऱ्या मारायला लागलो होतो.

कधीतरी आतून खट् झालं. मग बऱ्याच वेळाने अजून एकदा. "बसला," काका म्हणाले. इंजिन पुढे घेतलं तर फट राहिली नाही. इक्बालभाईंनी स्वतःच्या हाताने त्यांना चहा आणून दिला.

चार दिवसांनी इक्बालभाईच गाडी चालवत सोसायटीत घेऊन आले. मी काकांना म्हटलं, "चला, पहिली फेरी तुम्ही मारा."

"मी? मला कुठे येते गाडी? माझ्याकडे लायसन्सही नाही."

तेवढ्यात लिफ्टचं दार उघडलं आणि सुमनताई बाहेर आल्या. इस्त्रीची साडी, खांद्याला पर्स. काठी त्यांनी बाजूच्या सीटवर ठेवली, हाताने डावा पाय उचलून आत घेतला, आरसा नीट केला. उजव्या पायाने ब्रेक, उजव्या पायाने ॲक्सिलरेटर. डाव्याला काही कामच नव्हतं. गाडी वळण घेऊन फाटकातून बाहेर गेली. काका चढले नाहीत.

"मलबार हिलला एका साहेबाकडे लिफ्टच्या कामाला गेलो होतो," ते रस्त्याकडे बघत म्हणाले. "तो देश सोडून चालला होता, गाडी विकायची होती. खाली पाहिलं तर दोनच पेडल. ताई पंचेचाळिशीची होती तेव्हा. तिने लायसन्स काढलं. शाळेला, बाजाराला, एकटी जायची. गाडी बंद पडल्यावर म्हणाली, जाऊ दे रे बाळा, आता वय झालं. ते 'जाऊ दे' मला बरं वाटलं नाही."

"मग गॅरेजवाल्यांना खरं कारण का नाही सांगितलंत?"

"कोणीतरी म्हणालं असतं, बाईमाणूस, त्यात पाय असा, कशाला गाडी? मला ते ऐकायचं नव्हतं."

आम्ही वर आलो. त्यांच्या दाराला लॅच लागलेला. काकांनी सवयीने बेल दाबली, मग हात मागे घेतला. किल्ली ताईंच्या पर्समध्ये होती. गेल्या पाच वर्षांत त्यांना ती कधी लागलीच नव्हती. ते दिवसातून वीसदा बाहेर जात आणि वीसदा ताई उठून दार उघडत.

मी घरी चला म्हटलं तर आले नाहीत. पाऊण तासाने ताई आल्या. गाल लाल झाले होते. "माहीमपर्यंत गेले," म्हणाल्या. "उद्या लांब जाईन."

"जा," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःसाठी किल्ली करून घेतली, मला दाखवलीही. पण परवा संध्याकाळी मी ऑफिसातून आलो तर ते बंद दारासमोर उभे होते.

"किल्ली विसरलात?"

त्यांनी मूठ उघडली. किल्ली हातातच होती.

"ताई शिवाजी पार्कला गेलीय," ते म्हणाले. "उघडून आत जाऊन करू काय?"