बसवनगुडीचे गणकयंत्र आणि चकलीची मोहीम

श्री दोड्डगणपती प्रसन्न. चिरंजीव केतकी, वास्तव्य महादेवपुरा, इहींनी फोनवरून फर्माविले की, काका, शुक्रवारी आमचे घरी जे जाहले ते बाबा एक सांगतात आणि आई दुसरेच सांगते, तरी तुम्ही समक्ष होता, सबब कोणाची भीड न धरिता साद्यंत लिहोन पाठवणे. त्याजवरून वासुदेवराव, राहणार बसवनगुडी, तुमचे समोरचे घर, पाच पिढ्यांचे बेंगळुरवासी, इहींनी मोहीम डोळां पाहोन आणि मोहिमेत तीन पेले कॉफी घेवोन ही हकीकत लिहिली असे. यांत असत्य नाही. वाढवोन लिहिले असेल तितकेच.

राजश्री चंद्रकांतपंत हे केतकीचे तीर्थरूप, मूळचे साताऱ्याकडील, सरकारी कारखान्यात नकाशांच्या दप्तराचे मुख्य, पस्तीस वर्षे चाकरी इमानाने करोन निवृत्त जाहले. त्या दप्तराचा कायदा ऐसा की, नकाशात दुरुस्ती जाहली की नवे अक्षर द्यावे, ए मागोन बी, बी मागोन सी, आणि ज्या कागदास अक्षर नाही तो कागदच नव्हे, तो रद्द करावा. पंत निवृत्त जाहले, कायदा जाहला नाही. त्यांजपाशी एक आलेख काढणारे गणकयंत्र, ज्यास आज्ञावली शिकविता येते. पंतांनी बावीस वर्षे खपोन त्यास ऐसे शिकविले की, केबल जोडोन त्याच्या कळा दाबिल्या असता संगणकातील फायली पाहाव्या, हलवाव्या, नक्कल कराव्या आणि पुसाव्या. संगणकास आपला कळफलक होता, माऊस होता, आणि दोन्ही हाताशी होते. तरी पंत आरामखुर्चीत बसोन दर शनिवारी गणकयंत्रावरूनच फायलींची साफसफाई करीत आणि मग त्यांस जेवण गोड लागे. केतकीने एकदा पुसिले की, बाबा, याचा उपयोग काय? पंतांनी उत्तर दिले की, वेळ येईल. बावीस वर्षे ती आली नव्हती.

सौभाग्यवती प्रेमाबाईसाहेब यांची मसलत निराळी. बेंगळुरातील जुन्या मराठी घरांत कानडीच्या शेजाराने जे शब्द रुजले ते त्यांनी अकरा वर्षे वेचिले आणि त्यांचा कोश केला. शब्दांची खाण म्हणजे आमच्या मातोश्री लक्ष्मीदेवी, वय ब्याण्णव. दर मंगळवारी मातोश्री बोलत आणि बाईसाहेब लिहीत. रविवारी मातोश्रींचा वाढदिवस, ते दिवशी छापील कोश त्यांचे हाती द्यावा हा संकल्प. कारण मातोश्रींची नजर उतरत चालली होती आणि पुढील वर्षी अक्षर दिसेल ऐसा भरवसा डॉक्टरांनी दिला नव्हता. छापखाना होसकोट्यास, मालक संतोषकुमार. ते शके १९४७, मार्गशीर्ष वद्य प्रतिपदा, शुक्रवारी सकाळी खासे दारी येवोन ठाकले आणि बोलिले, "अक्का, एकपर्यंत थांबतो. मग मशीन क्यालेंडराला जाते, ते संक्रांतीपर्यंत सुटत नाही. स्वल्प लवकर बघा."

मग अकरा वाजोन वीस मिनिटांनी करंट गेला, आला, पुन्हा गेला, आणि दुसऱ्याने आला तो संगणकाचा पडदा मारोनच आला. यंत्र आत घरघरत होते, हिरवा दिवा जळत होता, परंतु पडद्यावर काळोख. केतकीस इतल्ला दिली, तो तिकडून सवाल आला की, क्लाऊडवर का नाही ठेवलं? बाईसाहेबांनी फोन ठेविला. मग मी गल्लीत सुटा पडदा धुंडाळण्यास निघालो, तो घरोघर लॅपटॉप, आणि टीव्हीस जोडावे तर त्याचे भोक आणि आमची पिन यांत एका पिढीचे अंतर. बारा वाजले आणि बाईसाहेब स्टुलावर बसल्या त्या उठेनात.

तेव्हा पंत उठले. संकट थोर होते हे खरे, परंतु पंतांस आतून आनंद जाहला हेही खरे, आणि तो त्यांस लपविता येईना. त्यांनी कपाटातून केबल आणिली, गणकयंत्र जोडिले, आणि काडेपेटीहून थोड्या मोठ्या काचेवर आठ ओळींत फायलींची फौज उभी राहिली. शब्दकोश ए, शब्दकोश बी, ऐसे करीत शब्दकोश एस. पंतांनी मिशीवरून हात फिरवोन एसला पेनड्राइव्हवर कूच करण्याचा हुकूम द्यावा, इतक्यात बाईसाहेब बोलिल्या.

"ती नाही. ती तुमच्यासाठी आहे. माझी चकलीत आहे."

प्रकरण ऐसे की, चार वर्षांमागे एका शनिवारच्या साफसफाईत पंतांनी एक बिनअक्षरी फाईल रद्द केली, तींत क चे सर्व शब्द होते. बाईसाहेब काही बोलिल्या नाहीत. पुन्हा तीन महिने मातोश्रींपुढे बसोन क लिहिला, आणि त्या दिवसापासोन खरा कोश पाककृतींच्या आड, चकली नामे फोल्डरात ठेविला, कारण पंत तिकडे फिरकत नसत. आणि पंतांस अक्षरे देण्यास काम हवे म्हणोन दर अडीच महिन्यांनी एक जुनी नक्कल बाहेर टाकीत. हे ऐकोन पंत खजील जाहले. मला तर कोठे पाहावे ते कळेना, म्हणोन मी पेल्यात पाहिले.

मग पंतांनी चकली उघडिली. आत दोन फायली. पहिली कोशाची, दुसरीकडे पाहण्यास फुरसत कोणास? इतक्यात काचेच्या कोपऱ्यात सेलचे चिन्ह लुकलुकू लागले. आता गोष्ट ऐसी की, गणकयंत्रातील राखीव सेल कधीच मेला होता, तो बदलणे पंतांनी आज उद्या करीत टाळिले होते. मोठे सेल काढिले अथवा संपले तर बावीस वर्षांची आज्ञावली तत्क्षणी पुसली जाणार. तिची एक नक्कल संगणकात होती, तीही आपणच साफसफाईत रद्द केली ऐसे पंत मानीत. थांबोन आधी राखीव सेल आणोन बदलावा तर गणकयंत्र वाचते, परंतु एक वाजतो आणि कोश जातो. पंतांनी गणकयंत्राकडे पाहिले, मग बाईसाहेबांकडे पाहिले आणि कळ दाबिली. चाळीस टक्के जाहले, सत्तर जाहले, मग एक्क्याण्णवावर बहुत वेळ अडोन राहिले, बाईसाहेबांनी पंतांची बाही धरिली, आणि शंभर जाहले आणि काच विझली.

बारा वाजोन एक्कावन मिनिटांनी संतोषकुमार पेनड्राइव्ह खिशात घालोन होसकोट्यास रवाना जाहले. पंतांनी नवे सेल घातिले. गणकयंत्र उजळले, परंतु त्यास काही आठवेना. पंत ते मांडीवर घेवोन बसले. वाईट आम्हां सर्वांसच वाटले, आजवर हसलो होतो म्हणोन अधिकच. तेव्हा बाईसाहेबांनी कॉफी आणोन पुढे ठेविली.

"चकलीत दुसरी फाईल होती ना? ती तुमची. क गेला त्याच शनिवारी पुसायला निघाला होतात. अक्षर नव्हतं तिला. मी उचलून ठेवली."

पंतांनी बहुत वेळ चष्मा पुसला. शनिवारी केतकीने महादेवपुऱ्याहून नवा पडदा आणिला आणि गणकयंत्रास त्याची बावीस वर्षे परत मिळाली. त्या शनिवारी साफसफाई जाहली नाही.

रविवारी आमचे घरी कोश मातोश्रींचे हाती पडिला. त्यांनी तो डोळ्यांशी नेवोन तासभर वाचिला आणि मग बोलिल्या, "सगळं आलंय, प्रेमा. पण चुलीवरच्या फळीला आम्ही म्हणतो तो शब्द कुठंय गं?"

बाईसाहेबांचा चेहरा उतरला. पंतांचे बोट आपोआप खिशातील पेनाकडे गेले, परंतु अर्ध्यावर थांबले, आणि त्यांनी बाईसाहेबांकडे पाहिले.

"आवृत्ती बी," बाईसाहेब बोलिल्या. "चकली उघडा. तुम्हीच लिहा."

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. कोश मातोश्रींस दिसला, गणकयंत्र शुद्धीवर आले, आणि चकलीचा मुलूख बाईसाहेबांचे राजीखुशीने उभयतांचा जाहला. पंत उठोन समोर आपले घरी गणकयंत्र जोडावयास गेले. संगणकाचा कळफलक तेथे हाताशीच आहे हे त्यांस कोणी सांगितले नाही.