ओस्टापच्या चेऱ्या

"पाच वर्षं झाली, साखरेचा दाणा लागू देत नाही मेल्या चेऱ्यांना," डारका बशा विसळताना पुटपुटली. खिडकीबाहेर तिचा नवरा ओस्टाप बुटक्या चेरीवर पाखरांसाठी जाळं पांघरत होता, तान्ह्या बाळाला दुपट्यात गुंडाळावं तसं.

झाड सास्काटून शहरातून आणलेलं, उणे चाळीसच्या थंडीतही न मरणारं. मरत नव्हतं हेच डारकाचं दुःख. "अशीच तोंडात टाका, साखर कशाला?" असं रोपवाला म्हणाला होता, आणि ओस्टापला ते देववाणीसारखं पटलं. पहिल्या बहराची वाटी शेजारच्या पॉलीनला गेली. तिचा एक डोळा आपोआप मिटला. पण या गावात वाईटाला कुणी वाईट म्हणत नाही, "वेगळं आहे हं," म्हणतात. पॉलीन तेच म्हणाली, वर आणखी मागून घेतल्या आणि घरी जाऊन कोंबड्यांपुढे टाकल्या. कोंबड्यांना एवढे शिष्टाचार नव्हते.

मग ओस्टाप गावभर वाटत सुटला. लोक आवंढा गिळत आणि तारीफ करत. जितकी तारीफ, तितकी मोठी बादली. यंदा त्याने आणखी बारा रोपं मागवली. सोमवारी खड्डे खणायचे होते, तेही डारकाच्या बटाट्यांच्या आणि शेपूच्या वाफ्यांत. एवढी माणसं तोंड भरून मागतात, नाही कसं म्हणू, असं त्याचं म्हणणं.

डारकाची सारी भिस्त फादरांवर होती. ऑगस्टच्या सणाला चर्चमध्ये फळांवर पवित्र पाणी शिंपडतात. अंगात झगा असताना तरी हा माणूस खोटं बोलणार नाही, असं तिला वाटलं. फादरांनी पाणी शिंपडलं, ओस्टापच्या परडीतली एक चेरी तोंडात टाकली आणि बराच वेळ घुमटाकडे बघत राहिले. लोकांना वाटलं, प्रार्थना चाललीय.

"वेगळीच आहे," ते शेवटी म्हणाले.

ओस्टापने मान लववून जाहीर केलं की दोन-तीन वर्षांत घरटी एक बादली मिळेल. मग पॉलीनने टाळी वाजवली, आणि डारकाचा बांध फुटला.

"आंबट आहेत, ओस्टाप. आंबटढाण. पहिल्या वर्षापासून."

फादरांनी गालातली चेरी हळूच रुमालात काढली. ओस्टाप बाकावर बसला.

"मला काय सांगतेस? पहिलीच चेरी मी कोठारामागे जाऊन थुंकून टाकली होती. म्हटलं, अख्ख्या गावाला आवडते, तर खोट माझ्याच जिभेत असणार."