न धुतलेला मफलर आणि राजाची मोहरी

एका जंगलात मोहरी उदंड पिकायची आणि तिच्यावरचे संशोधन त्याहून उदंड चालायचे.

मुलांनो, संशोधन संस्थेत तीन विभाग होते. शेंगा तडकून दाणे सांडू नयेत म्हणून कापणी विभागाने मोहरी ओली असतानाच कापायला लावली. ओली मोहरी साठवणीत तापू लागली, तेव्हा साठवण विभागाने कणग्यांवर ‘गरम आहे’ अशा पाट्या लावल्या. वाण विभागाने मुळातच थंड स्वभावाची मोहरी शोधायला घेतली. ती दहा वर्षांत येणार होती.

तोवर घरोघरची मोहरी कुजली. पेरणीपुरते बियाणे राजाच्या कोठारात होते, तेही कोमट झाले. थंड राहिली ती फक्त भागाबाई सायाळिणीची मोहरी.

संस्थेचे संचालक करकोचे पाहणीला आले. एका पायावर उभे राहून त्यांनी तिच्या दोन्ही कणग्यांची उंची मोजली, शेणाचा लेप चाटून पाहिला. मग त्यांची नजर खुंटीवरच्या तपकिरी मफलरवर गेली.

“हा कुणाचा?”

“आमच्या ह्यांचा.”

तिच्या नवऱ्याला, रंगोबाला, जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. संचालकांनी वहीत ‘मफलर’ लिहून खाली दोन रेघा मारल्या.

भागाबाईने सांगून पाहिले. ती रोज दुपारी या कणगीतली मोहरी त्या कणगीत ओतायची, दुसऱ्या दिवशी परत. दाण्यांना वारा लागायचा.

“रोज? कशासाठी?”

“दुपार जात नाही, भाऊ.”

“हे काही शास्त्रीय कारण नव्हे, बाई.”

शिवाय दुपारी संस्था वामकुक्षीसाठी बंद असल्याने पडताळणी शक्य नव्हती.

मफलर राजाच्या कोठारात टांगला गेला. भागाबाईने तो परत मागितला. संचालक म्हणाले, तो आता सरकारी झाला.

“बरं. फक्त धुऊ नका.”

संचालकांनी तेही लिहून घेतले.

घरची दुपार आता मुळीच हलेना. भागाबाई कोठारात जाऊन मफलरसमोर बसू लागली. पहारेकरी अस्वल तेव्हा घोरत असायचे. रिकामे बसवेना, म्हणून ती मोहरी वरखाली करायची. ढीग मोठा, दुपार पुरायची नाही. निघताना मफलरला चार गोष्टी सांगायची.

पंधरवड्यात मोहरी गार झाली. पेरणी वेळेवर झाली. राजाने संचालकांना शाल पांघरली. अहवालात शिफारस होती: मफलर दिवंगत नवऱ्याचा असावा, व न धुतलेला असावा. त्या दिवसापासून जंगलातल्या बायका आधी कणगीकडे आणि मग नवऱ्याकडे बघू लागल्या. कित्येक नवऱ्यांनी ऐन थंडीत मफलर सोडला.

भागाबाईला कोठारात बसायची परवानगी कुणी दिली नव्हती, त्यामुळे ती कुणी काढूनही घेतली नाही.

अहवालाच्या शेवटी बारीक अक्षरात टीप होती: ‘ढिगात ठिकठिकाणी सायाळीचे काटे आढळले. तरी त्याने निष्कर्षाला बाध येत नाही.’

तात्पर्य: मुलांनो, मोठा शोध लावायचा असेल तर दुपारी अवश्य झोपावे. जागे राहणाऱ्यांना नुसते काम दिसते.