भगवंतरावांचं टोचन

“या गाडीत अंगण सोडून सगळं घर हाय!” भगवंतराव अख्ख्या अमरावतीभर सांगत सुटले होते.

जिनिंग फॅक्टरीची मॅनेजरी संपवून ते धामणगावहून अमरावतीला राहायला आले आणि त्यांना घर खायला उठलं. यंत्रांच्या खडखडाटात जन्म काढलेला माणूस. सोफ्यावर पाच मिनिटं टेकले की पाय आपोआप हलायला लागायचे. शेवटी त्यांनी एका शाळेची जुनी बस घेतली आणि इनायतुल्लाच्या गॅरेजात टाकून तिची घरगाडी करवून घेतली. आत पलंग, ओटा, गॅस, फ्रीज आणि त्यांचा जीव की प्राण असलेला संडास! पाहुण्यांना ते आधी संडास दाखवत, मग चहाचं विचारत.

कौशल्याबाईंनी हे सगळं शांतपणे पाहिलं. देश दाखवतो, देश दाखवतो म्हणून नवऱ्यानं लग्नापासून आशेवर ठेवलेलं. दरवर्षी कापसाचा हंगाम आडवा यायचा. आता मात्र त्यांनी अट घातली.

“आधी अकोल्याले शकुनकडे नेऊन दाखवा. सुखानं पोचलो तर येतो तुमच्यासंगं राजस्थानले. अन् रस्त्यात तमाशा झाला ना, तर गाडी खुशालरावले देऊन टाका. मी जातो मंग महिला मंडळासंगं!”

शेजारच्या खुशालरावांना ती गाडी पुतण्याच्या चायनीजच्या धंद्यासाठी हवी होती. रोज सकाळी ते फाटकाशी उभे राहून कढई कुठे बसेल याचा नजरेनं अंदाज घेत. त्यांना पाहिलं की भगवंतरावांचं पित्त खवळायचं.

पण शकुन, म्हणजे कौशल्याबाईंची धाकटी बहीण, राहते जुन्या अकोल्यात. तिची गल्ली अशी, की दोन स्कूटर समोरासमोर आल्या तर एकीनं श्वास आत ओढायचा! तिथे बस काय शिरणार? म्हणजे छोटी कारही सोबत न्यायला हवी. कौशल्याबाईंना कार यायची, लायसनही होतं. पण भगवंतराव त्यांना भाजीबाजाराच्या पुढे जाऊ देत नसत.

“हायवेवर तू? हॅ! अन् दोघं दोन गाड्यायत बसलो तर संगं जाऊन राहिलो त्याचा मतलब काय? कार आपल्या मांगं बांधू!”

कशी बांधायची, यावर मात्र सगळ्या गावानं डोकं चालवलं. खुशालराव म्हणाले, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढवा.

“म्हंजे बस, बसमांगं ट्रॉली, ट्रॉलीवर कार! वळवाले अख्खा तालुका लागन!”

पुण्याहून मुलानं, अंकुरनं, मोबाईलवर चित्र पाठवलं. दोन चाकांचा छोटा गाडा. त्यावर कारची पुढची चाकं चढवायची, मागची रस्त्यावर धावतील.

“हे तर बकरी पुढचे पाय उचलून बाभळीले लागते तसं दिसून राहिलं,” म्हणून भगवंतरावांनी तेही उडवून लावलं.

“मंग दोरच लावतो साधा,” ते इनायतुल्लाला म्हणाले. इनायतुल्लानं कानाला हात लावला.

“तोबा! रस्सी लगाके आगे ब्रेक मारा, तो कार सीधी आपके संडास में!”

संडासाचं नाव निघताच दोर बाद झाला. मग इनायतुल्लानंच तीन कोनांचा भक्कम लोखंडी रॉड बनवून दिला. कारची चारही चाकं जमिनीवर, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक खाली, स्टिअरिंग मोकळं राहावं म्हणून चावी फिरवलेली.

“बछड़े जैसी पीछे-पीछे आएगी, भाऊ. मगर आईने में दिखेगी नहीं. बस चौड़ी है ना.”

“दिसून काय करू? मांगंच असन! जाईन कुठी?” भगवंतराव म्हणाले.

निघण्याच्या दिवशी त्यांनी तो रॉड इतक्या वेळा हलवून पाहिला, की शेवटी कौशल्याबाईच ओरडल्या, “अवो, तो ढिला व्हाच्या आधी चाला आता!”

बडनेरा मागे पडलं आणि खरी गंमत सुरू झाली. वऱ्हाडात टोचन काही कोणाला नवं नाही. पुढे ओढणारी गाडी, मागे बंद पडलेली गाडी, आणि त्या मागच्या गाडीत स्टिअरिंग धरून, चेहरा पाडून बसलेला एक माणूस. तो माणूस असलाच पाहिजे! इथे मागची कार रिकामी, आणि तिचं स्टिअरिंग आपलं आपण वळतंय!

पहिला मोटारसायकलवाला बोंबलत आला. “ओ काका! मांगच्या गाडीत कोणीच नाही!”

“म्हाईत हाय!”

“पण ते तर वळून राहिली ना!”

मग एका जीपमधून झाडून सगळी डोकी बाहेर आली. मग एका ट्रकवाल्यानं हॉर्न मारमारून कान किटवले. आणि एका गृहस्थानं तर मोटारसायकल थेट बसपुढे आडवी घातली. “भाऊ, डायवर पडला वाटते तुमचा! म्या मांगं पाह्यलं, रस्त्यात तरी दिसला नाही!”

दर खेपेला थांबायचं, उतरायचं, रॉड समजावून सांगायचा. लोक तेवढ्यापुरती मान हलवत आणि जाताना कारमध्ये वाकून बघतच.

“तमाशा होऊन राहिला बरं,” कौशल्याबाई शांतपणे म्हणाल्या.

तमाशा! भगवंतरावांच्या डोळ्यांपुढे खुशालरावांची कढई तरळली. ते चुळबुळले, घाम पुसला आणि जन्मात काढू नये ते वाक्य त्यांच्या तोंडून निघालं.

“तू बसतं का मांगं? माणूस दिसला म्हंजे लोक गप राह्यतीन.”

“मी? पलंग, पंखा, फ्रीज सोडून?”

“मूर्तिजापूरपर्यंत फक्त!”

चार्जिंगला लावलेला मोबाईल तसाच ठेवून कौशल्याबाई उतरल्या आणि मागे कारमध्ये जाऊन बसल्या. समोर बसचं पाठाड, नाकात तिचा धूर आणि हातात आपलं आपण फिरणारं स्टिअरिंग!

मूर्तिजापूरजवळ एका चहाच्या टपरीसमोर भगवंतरावांनी गाडी थांबवली. खाली उतरतील तर ते भगवंतराव कसले! चालकाच्या सीटवरून ते सरळ आपल्या लाडक्या संडासात गेले. एक्झॉस्टचा पंखा घरघरत होता. इतक्यात बाहेरून पत्र्यावर थापा पडल्या आणि बायकोचा आवाज आला.

“अवो, ...गाली!”

“काय?”

“निंगाली! निंगाली म्हणतो!”

पंख्याच्या घरघरीत त्यांना ऐकू आलं, ‘निंगा’. बाई तापलेली दिसते, आता चहासाठी थांबण्यात अर्थ नाही! त्यांनी मुकाट्यानं येऊन स्टार्टर मारला.

आणि काय सांगावं! बस हरणासारखी पळायला लागली. चढ कळेना, उतार कळेना. कोणी आडवं येईना, कोणी हॉर्न मारेना. याला म्हणतात रॉड! भगवंतरावांनी मनातल्या मनात इनायतुल्लाची पाठ थोपटली. बोरगाव मंजू येईपर्यंत तर ते उदयपूरच्या तलावाकाठी चहा पीत होते.

अकोल्याच्या तोंडाशी ते पेट्रोल पंपावर शिरले. पंपावरचा माणूस मागे जाऊन आला.

“काका, मांगं काय नेऊन राहिले?”

“कार!”

“कोणती?”

भगवंतराव धावत मागे गेले. रॉड नीट वर उचलून दोरीनं बांधलेला होता, आणि जिथे कार आणि कारमध्ये बायको असायला हवी होती, तिथे एक लाल चिंधी फडफडत होती.

त्यांनी कौशल्याबाईंना फोन लावला. फोन बसमध्येच, फ्रीजशेजारी वाजला. रॉड, राजस्थान, खुशालराव, सगळं ते एका क्षणात विसरले. या बाईनं उभ्या जन्मात एकच मागितलं होतं, संगं फिरवा. आणि आपण तिला शेपटाला बांधून हायवेवर सांडून आलो!

दुसऱ्याच क्षणाला त्यांनी बस उलटी फिरवली. प्रत्येक पुलाखाली वाकून पाहिलं. रस्त्याकडेच्या एका म्हाताऱ्याला विचारलं, “बावाजी, कार पाह्यली का? पांढरी. आत एक बाई, अन् समोर काहीच नाही.”

“समोर काहीच नाही म्हंजे?”

“म्हंजे तिले ओढणारं काही नाही!”

“मंग ते चालूच असन ना, बावा!”

मूर्तिजापूरच्या टपरीवर त्यांना पाहताच चहावाल्याचा चेहरा फुलला.

“या काका! तुमची गाडी चालू करून देल्ली बरं! काहीच झालं नव्हतं तिले. आमच्या मिस्तरीनं चाबी फिरवली, का एका सेल्फमंदी घुर्र! इतकी चांगली गाडी टोचन काहून करून राहिले होते तुमी? पिन काढली, रॉड बांधला, कोणाले लागू नये म्हणून चिंधी लावली. काकू तर अशा खूश! थापा मारून सांगतलं ना त्यायनं तुमाले, मी निंगाली म्हणून!”

भगवंतरावांना रडावं की त्याला मिठी मारावी, कळेना. घोटभर चहाही न घेता ते पुन्हा अकोल्याकडे सुटले.

बस गल्लीबाहेर कशीबशी उभी करून ते पळतच शकुनच्या दारी पोचले. नाली आणि विजेचा खांब यांच्यामध्ये कार नेमकी बसवलेली होती. कौशल्याबाई उंबऱ्यातच उभ्या होत्या.

“कुठी होते तुमी? किती डाव बाहेर येऊन पाह्यलं! शकुनच्या फोनवरून लावतो तर उचलत नाही! जीव टांगणीले लावला ना माह्या!”

“मले वाटलं तू...” भगवंतरावांनी उपरण्यानं डोळे पुसले. “चुकलो मी. तुले मांगं बसवाले नव्हतं पायजे. आताच खुशालरावले फोन लावतो. देऊन टाकतो गाडी!”

“काहून? काही देऊ नका.”

भगवंतरावांच्या जिवात जीव आला. “म्हंजे येतं तू राजस्थानले?”

“येतो ना! काय मस्त चालते कार हायवेवर! इतके वर्ष बाजारापर्यंतच चालवत होती मी. मी जातो समोर, पाहत पाहत. तुमी घर घेऊन या मांगून.”

“अन् संगं?”

“संध्याकाळी भेटू ना रोज! पोचले का कणीक भिजवून ठेवत जा, मी येतो फिरून.”

राजस्थानची तारीख ठरली आहे. भगवंतराव सध्या कणीक भिजवायला शिकताहेत. पाणी जास्त होतं, म्हणतात.