मार्था सिस्टरांचा महिन्याचा चार्ज

मार्था सिस्टर वाचलेलं पुस्तक नुसतं परत करत नाहीत, ड्यूटी संपताना नर्स दुसरीच्या हाती पेशंट सोपवते तसा त्याचा चार्ज देतात. महिन्याच्या शेवटच्या रविवारी चर्चमधून आल्या की चार-पाच पुस्तकं ओट्यावर ओळीनं निजवायची, मला समोर उभं करायचं आणि सुरू.

"एक नंबर. ड्रॅगन, वय नऊशे. खाणंपिणं चांगलं, गावं पेटवायची सवय हाय. दोन नंबर. यंत्रमानव. डोक्यात बिघाड, संगं नातेवाईक न्हाई. तीन नंबर, मंगळावरची वस्ती. सगळ्यांना धाप. ऑक्सिजन संपत आलाय आन् कमांडर भाषण ठोकतोय. असल्या माणसाला मी वॉर्डात उभं केलं नसतं."

मी हसलो की ओरडा बसतो. चार्ज घेताना हसायचं नसतं.

छत्तीस वर्षं त्यांनी श्रीरामपुरात नर्सची नोकरी केली. आमच्या गल्लीतल्या निम्म्या लोकांना पहिली सुई त्यांनीच टोचलेली, त्यामुळे चाळिशीचे बाप्येसुद्धा त्यांना वचकून असतात. मी तर शेजारीच राहतो, म्हणजे माझी सुटका नाहीच.

खरं तर हे ड्रॅगन-यानांचं वेड त्यांचं नव्हे, त्यांच्या यजमानांचं. दानियलकाका रेल्वेत केबिनमन होते. दोन मालगाड्यांच्या मधल्या वेळात या माणसानं अख्खं अंतराळ पालथं घातलं. पुढं साखरेच्या आजारानं डोळे नेले. तेव्हापासून मी वाचनालयातून पुस्तकं आणायचो, आधी स्वतः वाचून घ्यायचो आणि सिस्टरांकडे द्यायचो. त्या रोज संध्याकाळी काकांना वाचून दाखवायच्या. वाचायच्या म्हणजे केसपेपर वाचावा तशा. राजकन्या बेशुद्ध पडली की थांबायच्या.

"नाडी बघितली का कुनी? न्हाई. नुसते रडत बसलेत मूर्ख."

पलंगावर पडल्यापडल्या काका हसून बेजार व्हायचे.

यंदा दिवाळीनंतर काकांच्या किडन्या थकल्या. रोजची दहा पानं तीनवर आली, कारण मधेच त्यांचा डोळा लागायचा. त्या महिन्यात एक जाडजूड पुस्तक होतं. शापानं दगड झालेल्या नवऱ्याला सोडवायला एक राणी सात राज्यं ओलांडून जाते. सिस्टर जिद्दीला पेटल्या होत्या. हे पुरं केल्याशिवाय चार्ज द्यायचा नाही, असं त्यांनी मला बजावलं.

एका दुपारी त्या औषधं आणायला गेल्या आणि मी काकांजवळ बसलो. काका हळूच म्हणाले, "सुटतो का रं त्यो नवरा?"

"काका, सिस्टर वाचतायत की."

"तिला लई दिवस लागत्याल. माझ्याकडं तेवढे न्हाईत. तू सांग."

मी सांगितलं. राणी पोचते, शाप उतरतो, पण तोवर तिचे केस पिकलेले असतात. दोघं म्हातारा-म्हातारी होऊन आपल्या गावी परततात.

"संगं म्हातारे झाले ना? मंग झ्याक," काका म्हणाले. जरा वेळानं माझा हात दाबला. "मार्थाला बोलू नको. वाचू दे तिला. वाचतीया तेवढा वेळ तिच्या मनात दुसरं काय येत न्हाई."

त्याच संध्याकाळी भिंतीपलीकडून काकांचा आवाज आला. "मार्था, पुढं काय गं? सुटतो का त्यो?"

"गप पडा. कळंल."

आठव्या दिवशी काका गेले. पुस्तकाची साठेक पानं राहिली होती. दफनाच्या दिवशी सिस्टर आल्यागेल्याला खुर्च्या देत फिरत होत्या. डोळ्यांत टिपूस नाही.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी त्या ओट्यावर आल्या. पुस्तक एकच होतं.

"एक नंबर," म्हणाल्या आणि पुस्तक खुणेच्या पानावर उघडलं. मग म्हणाल्या, "अर्धवट राहिलं रे. शेवटपर्यंत विचारत हुते, सुटतो का म्हणून. मी रोज दोन पानं जादा वाचायला हवी हुती. शेवट न कळताच गेले. माझ्याकडून चुकलं."

काकांना दिलेला शब्द मी मोडला. मला ते बघवेना. "सिस्टर, त्यांना शेवट माहीत होता. त्यांनी विचारला, मी सांगितला."

"कवा?"

"जायच्या आठ दिवस आधी."

त्या पुस्तकावरून हात फिरवत राहिल्या. "मंग रोज मला काय विचारायचे?"

"तुम्ही वाचत राहावं म्हणून. वाचताना तुम्हाला घोर लागत नाही, म्हणाले."

सिस्टरांनी चष्मा काढून ओट्यावर ठेवला.

"तू जा आता घरी," त्या म्हणाल्या. "मला रडायचंय."