ओढ्याची उमेदवारी

जुलैच्या पहिल्या सोमवारी सकाळी दहा वाजता चिंचखोऱ्याचा ओढा पाणी नियोजन कार्यालयात प्रशिक्षणार्थी म्हणून रुजू झाला. अठरा किलोमीटरचा चढ चढून तो आला होता, तरी पाच मिनिटं आधीच पोचला. सोबत सरपंचाचं शिफारसपत्र, गेल्या अडतीस वर्षांच्या पातळीच्या नोंदी आणि दोन लहान मासे होते. आस्थापना शाखेच्या घोलपबाईंनी मासे ‘अवलंबित’ या रकान्यात चढवले आणि रक्तगटापुढे ‘लागू नाही’ असं लिहिलं.

उमेदवाराला पाण्याचा प्रत्यक्ष अनुभव असावा, एवढीच जाहिरातीतली अट होती. नऊ अर्ज आले होते. आठ जण अभियांत्रिकीचे पदवीधर होते. अनुभवात ओढा सरस ठरला.

मार्गदर्शक म्हणून डॉ. विश्वंभर टेंभेकरांना नेमलं. ते बहात्तर वर्षांचे होते. निवृत्तीनंतरही कार्यालयाने त्यांना मानद सल्लागार म्हणून ठेवून घेतलं होतं, कारण जुन्या नोंदी त्यांच्यावाचून कुणाला उलगडत नसत. ‘पाण्याच्या नोंदींतील रिकाम्या जागा’ हा त्यांचा सहाशे पानांचा प्रबंध. एखाद्या दिवसाचा आकडा हुकला, तर आदल्या दिवसाचा आणि दुसऱ्या दिवसाचा आकडा घेऊन सरासरीने ती जागा भरायची. महिनेच्या महिने हुकले, तर मागच्या वर्षांवरून भरायची. कार्यालयात याला टेंभेकर पद्धत म्हणत. खुद्द टेंभेकरांना मात्र तिची कधीच खात्री वाटली नव्हती. ते हिशेब तपासत, मग तपासणी तपासत, आणि सही केल्यावर ती आपलीच आहे ना, हे चष्मा पुसून पुन्हा बघत.

ओढ्याला पहिल्या मजल्यावरचा व्हरांडा दिला. शिपायाने टेबलांच्या पायांखाली विटा सरकवल्या, तळच्या कप्प्यातल्या फायली वर चढवल्या. हजेरीपटावर ओढ्याने सही केली तेव्हा अख्खं पान भिजलं, म्हणून घोलपबाईंनी त्याला भिंतीवर ओल उमटवायला सांगितलं. ती ओल त्या रोज दहा वाजता पेन्सिलीने अधोरेखित करत.

या कार्यालयात पाण्याला पहिला धडा थांबण्याचा देतात. ओढ्याला तो जड गेला. पहिल्या आठवड्यात तो दोनदा जिन्यावरून खाली गेला आणि दोन्ही वेळा त्याला लेखी समज मिळाली. पण पोरगं हुशार होतं. गणपतीपर्यंत तो टिपणी लिहायला शिकला. दिवाळीपर्यंत साहेबांच्या खोलीबाहेर दोन-दोन तास उंबऱ्याला न शिवता थांबू लागला. त्याच्या कडांना हिरवट तवंग धरला होता, पण तो सगळ्याच कर्मचाऱ्यांना धरतो, असं घोलपबाई म्हणाल्या.

“कसं वाटतंय?” टेंभेकरांनी एकदा विचारलं.

“बरं वाटतंय, सर. गावाकडं नुसता वाहत हुतो. पुढं काय, ह्याचा इचार म्हणून न्हवता.”

टेंभेकरांना आठवलं, तेविसाव्या वर्षी इथे नोकरीला लागल्यावर आपणही वडिलांना हेच सांगितलं होतं.  त्यांनी खिडकी थोडी उघडली.

चिंचखोऱ्यात ओढ्याची पातळी हौसाबाई लांघी मोजत. बावीस वर्षं रोज सकाळी आठ वाजता त्या मोजपट्टीशी जात आणि आठवड्याची चिठ्ठी एसटीने पाठवत. जुलैपासून प्रत्येक चिठ्ठीत, प्रत्येक वारापुढे, एकच वाक्य येत होतं : ‘ओढा कामावर गेला आहे.’

वाक्य खरं होतं, पण नोंदवहीत वाक्याला जागा नसते. टेंभेकरांनी पान उघडलं तेव्हा अडतीस वर्षांच्या भरगच्च रकान्यांखाली पाच महिने कोरे पडले होते.  तीन दिवस ते त्या पानाशी बसून होते. चौथ्या दिवशी त्यांनी मागच्या वर्षांची सरासरी काढली आणि सगळ्या जागा भरल्या. बेचाळीस सेंटिमीटर, एकेचाळीस, पुन्हा बेचाळीस. प्रत्येक आकड्यावर चांदणीची खूण करून त्यांनी खाली ‘अंदाजे’ असं लिहिलं. टंकलेखनात चांदण्या गळाल्या आणि त्यांच्यासोबत ‘अंदाजे’ही. टंकलेखन यंत्रावर ती कळच नव्हती.

डिसेंबरात चिंचखोऱ्याने टँकर मागितला. उत्तर गेलं : ‘नोंदीनुसार ओढ्यात बेचाळीस सेंटिमीटर पाणी आहे. मागणी अमान्य.’

चार दिवसांनी हौसाबाई स्वतः आल्या. डोक्यावर रिकामा हंडा, काखेत नोंदीची वही. व्हरांड्यात ओढा दिसला तशा त्या थांबल्या.

“काय रं, बरा हायेस का?”

“बरा हाय, मावशी.”

“कसला बरा? वाळलास की निम्मा.”

“ऊन लागत न्हाई इथं. निस्ता पंखा.”

“कधी येणार घरी?”

“कायम झालो की रजा हाय. वर्साला तीस दिस.”

“तीस दिसांत काय आंघोळ करून ठिवायची का वर्साची?” त्या म्हणाल्या आणि टेंभेकरांकडे वळल्या. “सायेब, विहिरीनं तळ दावलाय. बाया दोन कोस चालत्यात. एक तर टँकर द्या, न्हाईतर आमचा ओढा द्या. दोन्ही ठिवून घेता, ही कंची रीत?”

टेंभेकरांनी खुर्ची पुढे केली. हौसाबाई बसल्या नाहीत.

“प्रशिक्षण महिनाअखेर संपतंय,” ते म्हणाले. “उत्तीर्ण झाला तर त्याची नेमणूक होईल. बहुधा परजिल्ह्यात.”

“आन नापास झाला तर?”

“मूळ ठिकाणी परत.”

“मग करा की नापास! त्यात काय अवघड? आमच्या गावची पोरं तर न सांगता हुत्यात.”

व्हरांड्यात पाणी जराही हललं नाही. ओढा सगळं ऐकत होता. तो म्हणाला, “सर, तुमाला योग्य वाटंल तसं करा.”

पस्तीस वर्षांच्या नोकरीत आणि चौदा वर्षांच्या सल्लागारीत टेंभेकरांनी कुणाला नापास केलं नव्हतं. या उमेदवारात तर खोट काढायलाही जागा नव्हती. एकतीस डिसेंबरला त्यांनी अहवालाचा कागद चारदा फाडला. पाचव्यावर लिहिलं, ‘अनुत्तीर्ण. थांबण्याची पुरेशी सवय झालेली नाही.’ ते साफ खोटं होतं. सही केली आणि चष्मा न पुसताच कागद पुढे पाठवला.

जानेवारीच्या सात तारखेला परतीचा आदेश तयार झाला. घोलपबाईंनी तो हातात घेतला आणि वाचता वाचता थांबल्या.

“सर, मूळ ठिकाण रिकामं असल्याचा दाखला लागेल.”

“रिकामंच आहे.”

“नोंदीत बेचाळीस सेंटिमीटर आहे. एका ओढ्यात दुसरा ओढा कसा पाठवणार?”

टेंभेकर खाली बसले. “ते आकडे मी भरलेत, बाई. खोडा ते. शून्य लिहा.”

“शून्य म्हणजे ओढा आहे आणि पाणी नाही. इथे ओढाच जागेवर नव्हता.” त्यांचा आवाज मऊ झाला. “शून्य आणि गैरहजर यांची गल्लत करू नये, असं तुमच्याच प्रबंधात आहे, सर. दुसरं प्रकरण. आम्हाला परीक्षेला होतं.”

“मग हौसाबाईंची वही जोडा.”

“त्यात वाक्य आहे. आकडा नाही.”

टेंभेकरांनी वरच्या कार्यालयाला सविस्तर पत्र लिहिलं. चूक आपली आहे, असं त्यात तीन ठिकाणी लिहिलं. टँकरसाठीही निराळा अर्ज केला. महिन्याभराने दोन्हींना मिळून उत्तर आलं : टेंभेकर पद्धतीने भरलेली नोंद अंतिम समजली जाते, त्यामुळे चिंचखोऱ्यात पाणी असून जागा नाही, सदर ओढ्यास, जागा रिकामी होईपर्यंत, प्रतीक्षेत ठेवावे.

नापास उमेदवाराला इमारतीत थांबता येत नाही. ओढा जिना उतरून कुंपणाबाहेरच्या चरीत जाऊन राहिला. मासे घोलपबाईंनी टेबलावरच्या बरणीत ठेवून घेतले. अवलंबितांबद्दल आदेशात काही नव्हतं. प्रतीक्षेतल्या पाण्याची रोज आठ वाजता नोंद घ्यावी लागते. ते काम टेंभेकरांनी मागून घेतलं.

फेब्रुवारीत चरीत एकोणीस सेंटिमीटर पाणी होतं. होळीला अकरा.

हौसाबाई दर बाजारच्या दिवशी येत आणि हंडा भरून एसटीने नेत. चरीच्या पलीकडून रस्ता सरळ खाली चिंचखोऱ्याकडे उतरत होता. एकदा त्यांना राहवलं नाही.

“अरं, चल की! कशाला कुणाला इचारतो? हा बघ उतार, समोर हाय.”

“उतार हाय, मावशी,” ओढा म्हणाला. “आदेश न्हाई.”

हौसाबाईंनी टेंभेकरांकडे पाहिलं. “सायेब, काय शिकिवलंत हो तुमी ह्याला?”

टेंभेकर मोजपट्टी पुसत राहिले. मग चरीजवळ वाकून हलक्या आवाजात म्हणाले, “मी सांगतो तुला. जा.”

“तुमी मानद हाय, सर,” ओढा अदबीने म्हणाला. “आदेशावर तुमची सही चालत न्हाई.”

एप्रिलच्या दुसऱ्या बुधवारी आकडा दोन होता. ओढ्याचा आवाज फार खाली गेला होता. मासे बरे आहेत का, असं त्याने विचारलं. टेंभेकर वर जाऊन पाहून आले आणि बरे आहेत म्हणाले.

गुरुवार बाजारचा दिवस. आठ वाजता टेंभेकर चरीपाशी गेले तेव्हा हौसाबाई हंडा घेऊन आधीच उभ्या होत्या. चरीत भेगाळलेला चिखल होता आणि त्यावर एका कुत्र्याच्या पावलांचे ठसे. टेंभेकरांनी तरीही मोजपट्टी टेकवली. ती वाजली. त्यांनी हाक मारली. मग हौसाबाईंनी मारली, त्याच्या लहानपणच्या नावाने, आणि दोघं बराच वेळ वाट पाहत राहिले.

वर घोलपबाई वही उघडून बसल्या होत्या. “आजचा आकडा, सर?”

“नाही.”

“शून्य लिहू?”

टेंभेकरांनी खूप विचार केला. “शून्य नाही. जागा कोरी ठेवा.”

“कोरी चालत नाही,” घोलपबाई म्हणाल्या. त्यांनी पेनचं टोपण लावलं. “काही हरकत नाही. तुमच्या पद्धतीने भरू. कालचा दोन आहे. उद्याचा आला की सरासरी काढते.”

“मग उद्या किती वाजता?” हौसाबाईंनी दारातून विचारलं.

“आठ,” टेंभेकर म्हणाले.

हौसाबाईंनी मान हलवली. इतक्यासाठी गावी जाऊन परत कोण येणार, म्हणत त्यांनी व्हरांड्यात हंडा पालथा घातला आणि भिंतीवरच्या पेन्सिलीच्या रेघांना टेकून बसल्या. टेंभेकरांनी आपली खुर्ची त्यांच्याशेजारी आणून ठेवली.